भारत जगातला चौथा 'समान' देश, आणि विषमता इंग्रजांच्या काळापेक्षा जास्त: दोन्ही कसं, आणि याचा आपल्या मताशी काय संबंध

जुलै २०२५ मध्ये एक बातमी सगळीकडे फिरत होती, की भारत हा जगातला चौथ्या नंबरचा सगळ्यात समान देश आहे. केंद्र सरकारच्या पत्रकातच तसं होतं, वर्ल्ड बँकेच्या आकड्यांचा आधार देऊन: स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया, बेलारूस आणि मग आपण. आणि त्याच्या सव्वा वर्ष आधी, मार्च २०२४ मध्ये, फ्रेंच अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक रिसर्च पेपर आला होता ज्यात म्हटलं होतं की भारतातल्या सगळ्यात वरच्या १ टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा जेवढा वाटा आज जातो तेवढा इंग्रजांच्या राज्यातसुद्धा जात नव्हता. आता साध्या माणसाने काय समजायचं? बहुतेकांनी आपल्याला आवडणाऱ्या पक्षाला सोयीची बातमी खरी धरली आणि दुसरी फेक म्हणून सोडून दिली.

खरं तर दोन्हीतला एकही आकडा बनावट नाहीये, दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. आणि हे समजून घेणं महत्त्वाचं अशासाठी, की विषमतेचा प्रश्न फक्त कोणाकडे किती पैसा एवढ्यावर थांबत नाही, तो थेट तुमच्या-माझ्या मताला किती वजन उरलंय इथपर्यंत येतो.

आधी तो आकडा काय आहे ते बघू

विषमता मोजायला जगभर 'गिनी' नावाचा आकडा वापरतात, गिनी हे तो शोधणाऱ्या इटालियन माणसाचं आडनाव. शून्य म्हणजे सगळ्यांकडे अगदी सारखं, शंभर म्हणजे एकाच माणसाकडे सगळं, बाकी सगळे देश याच्या मध्ये कुठेतरी. भारताचा आकडा २०११-१२ मध्ये २८.८ होता, तो २०२२-२३ मध्ये २५.५ झाला, म्हणजे कमी झाला, आणि बातमी यावरूनच आली.

पण हा आकडा घरखर्चावरून काढलेला आहे. सरकारी सर्व्हेवाले घरोघरी जाऊन विचारतात की धान्य, भाजी, कपडे, मोबाईल, औषध यांवर महिन्याला किती खर्च केलात. आता समजा एका बाईला चार घरची धुणीभांडी करून महिन्याला १५ हजार मिळतात आणि ते सगळेच्या सगळे खर्च होतात. ती जिथे काम करते त्या घरात महिन्याला ५ लाख येतात, त्यातले दीड लाख खर्च होतात आणि उरलेले साडेतीन लाख फ्लॅटच्या हप्त्यात, म्युच्युअल फंडात, सोन्यात जातात. खर्च बघितला तर दोन घरांत दहापटीचा फरक, उत्पन्न बघितलं तर तेहतीस पटीचा, आणि दहा वर्षांनी कोणाच्या नावावर काय आहे हे बघायला गेलात तर पट मोजण्यात अर्थच राहत नाही कारण एका बाजूला जवळपास काहीच नसतं. शिवाय सर्व्हेवाला वॉचमनला ओलांडून विसाव्या मजल्यावर कितीदा पोचतो हा प्रश्न आहेच, श्रीमंत लोक अशा सर्व्हेत कमी सापडतात ही जगभरची अडचण आहे.

आणि स्लोव्हाकिया-स्लोव्हेनियासारखे देश आपला गिनी उत्पन्नावरून काढतात. त्यांचं उत्पन्न आणि आपला खर्च एका यादीत लावून नंबर काढणंच मुळात चुकीचं. वर्ल्ड बँकेच्या ज्या टिपणातून हा २५.५ चा आकडा आला त्यातच पुढे असंही होतं की डेटाच्या मर्यादेमुळे भारतातली विषमता कमी दिसत असू शकते, आणि दुसऱ्या एका डेटाबेसप्रमाणे उत्पन्नाचा गिनी २००४ मधल्या ५२ वरून २०२३ मध्ये ६२ वर गेलाय. हे वाक्य बातम्यांत फारसं आलं नाही.

पिकेटींचा पेपर उत्पन्न आणि संपत्ती मोजतो. त्यांच्या अंदाजाने २०२२-२३ मध्ये वरच्या १ टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा होता, खालच्या अर्ध्या देशाला मिळून उत्पन्नातला १५ टक्क्यांच्या आसपास. हाच १ टक्क्याचा उत्पन्नातला वाटा १९८२ च्या सुमारास ६ टक्क्यांच्या आसपास होता. हेही अंदाजच आहेत, इन्कम टॅक्सच्या डेटावर बरेचसे अवलंबून, आणि आपल्याकडे टॅक्स भरणारे मुळातच थोडे, त्यामुळे दशांश चिन्हापुढच्या आकड्यावर भांडू नये. पण दिशा कुठली हे स्पष्ट आहे. खालच्या माणसाची भूक पूर्वीपेक्षा कमी झाली हेही खरं आणि वरचा माणूस त्याच्यापासून कितीतरी लांब गेला हेही खरं.

बरं, पण लोकशाहीचा इथे काय संबंध?

लोकशाही 'स्थिर' आहे म्हणजे काय, तर निवडणुका वेळेवर होतात, हरलेला माणूस खुर्ची सोडतो, कोर्ट सरकारच्या विरोधात निकाल देऊ शकतं, पत्रकार लिहू शकतो, आणि हे सगळं पुढच्या निवडणुकीनंतरही चालू राहील असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. पूर्वी लोकशाही मोडायची ती रणगाडे आणून, रेडिओ स्टेशन ताब्यात घेऊन. हल्ली तसं कमी होतं. हल्ली निवडून आलेलाच नेता हळूहळू कोर्टात आपली माणसं बसवतो, चॅनल बंद पाडतो, नियम बदलतो. याला अभ्यासक लोकशाहीची झीज म्हणतात, आणि मीही पुढे हाच शब्द वापरणार आहे.

आपल्याकडे विषमता आणि लोकशाही यांचा संबंध सगळ्यात स्पष्टपणे सांगितला तो डॉ. आंबेडकरांनी, २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात. २६ जानेवारी १९५० ला आपण एका विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतोय, राजकारणात समता असेल आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती लवकरात लवकर दूर केली नाही तर विषमतेचे चटके बसणारे लोकच या सभेने कष्टाने उभारलेली लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील, असं त्यांचं म्हणणं होतं. दरवर्षी संविधान दिनाला हे भाषण सगळे शेअर करतात. मला वाटतं ते आपण इशारा म्हणून वाचतो आणि पुढे जातो, पण त्यात एक प्रश्न दडलाय, तो म्हणजे हे घडतं नेमकं कसं? म्हणजे विषमतेतून लोकशाही मोडण्यापर्यंत मधल्या पायऱ्या कुठल्या?

पहिली पायरी: वरचे लोक सामायिक गोष्टींतून बाहेर पडतात

एखादी हाउसिंग सोसायटी घ्या. एक फ्लॅट, एक मत, सगळे सारखे. पाण्याची टाकी सगळ्यांची एकच, त्यामुळे पंप बिघडला की चेअरमनपासून तळमजल्यावरच्या आजोबांपर्यंत सगळ्यांची बोंब होते आणि दोन दिवसांत पंप दुरुस्त होतो. आता समजा वरच्या चार मोठ्या फ्लॅटवाल्यांनी स्वतःची वेगळी टाकी बसवली, स्वतःचा टँकर लावला. पुढच्या वेळी पंप बिघडला की मीटिंगला हे चौघं येणारच नाहीत, आणि मेंटेनन्स वाढवायचा ठराव आला की मात्र येऊन विरोध करतील, कारण त्यांच्या दृष्टीने तो खर्च फुकट आहे. आणि गंमत नाही, पण सोसायटीतले वजनदार लोक, ज्यांचं नगरसेवकाकडे चालतं, ते हेच चौघं असतात. बाकीच्या चाळीस फ्लॅटकडे मतं आहेत पण पंप दुरुस्त होत नाही.

देशात हेच शाळेचं होतं, दवाखान्याचं होतं, एसटीचं होतं. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरचा, फौजदाराचा, सावकाराचा आणि शेतमजुराचा मुलगा एकाच जिल्हा परिषदेच्या शाळेत बसायचा तो काळ फार जुना नाही (तेव्हाही जात होतीच, वर्गात कोण कुठे बसतं यावरून कळायची, त्या काळाचं कौतुक करायचा माझा हेतू नाही). पण मास्तर आले नाहीत तर फौजदाराचंही नुकसान व्हायचं. आज पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद करायची चर्चा होते तेव्हा निर्णय घेणाऱ्यांपैकी कोणाचंच मूल त्या शाळेत नसतं. आणि गरीब माणूस पाच वर्षांनी मत देतो, सरकार बदलतं, शाळा तशीच राहते, परत मत देतो, परत तशीच राहते.

दुसरी पायरी: पैसा मताच्या आधी पोचतो

लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे, विधानसभेला ४० लाख. पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला मर्यादाच नाही. आता ९५ लाख हीच मर्यादा असेल तर निवडणूक लढवणारा माणूस कोण असणार? असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांवरून हिशोब काढते, त्याप्रमाणे २००९ च्या लोकसभेत ५८ टक्के खासदार करोडपती होते, २०१४ ला ८२, २०१९ ला ८८ आणि २०२४ ला ९३ टक्के. महागाई धरली तरी हा फरक मोठा आहे. करोडपती माणूस गरिबांचे प्रश्न मांडूच शकत नाही असं मी म्हणत नाही. पण ज्या सभागृहात जवळपास सगळेच एका थरातून आलेत तिथे रेशन दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून परत पाठवलेल्या म्हातारीचा अनुभव कोणाच्या घरातून येणार?

इलेक्टोरल बाँड तुम्हाला आठवत असतील. कोणीही, कंपनीसुद्धा, स्टेट बँकेतून बाँड घ्यायचा आणि पक्षाला द्यायचा, देणाऱ्याचं नाव जनतेला कळणार नाही. २०१८ ते जानेवारी २०२४ पर्यंत साधारण १६,५१८ कोटींचे बाँड विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. बातम्यांत भर होता तो मतदाराच्या माहितीच्या हक्कावर, पण निकालात एक मुद्दा आपल्या विषयाचाच आहे, की पैसा आणि राजकारण यांचं नातं इतकं घट्ट आहे की आर्थिक विषमतेमुळे माणसामाणसाच्या राजकीय सहभागातच फरक पडतो. म्हणजे 'एक माणूस एक मत' हे बूथवर खरं असलं तरी बूथच्या बाहेर पैसेवाल्याचा आवाज जास्त लांब जातो, हे देशाच्या सर्वोच्च कोर्टाने लिहून ठेवलंय.

तिसरी पायरी: राग खालून वर न जाता आडवा जातो

लोकांना राग येतो हे सगळ्यांना कळतं. पण तो ज्याच्यामुळे आला त्याच्याकडेच जाईल असं नसतं. महाराष्ट्रात मराठा समाजाचे मुख्यमंत्री सगळ्यात जास्त झाले, साखर कारखाने, बँका, शिक्षण संस्था या समाजातल्या मोजक्या घराण्यांकडे आल्या, आणि त्याच समाजातला दोन-तीन एकरवाला शेतकरी कोरडवाहू जमिनीवर कर्जात राहिला, पोराला डिप्लोमा करूनही नोकरी नाही. म्हणजे विषमता समाजाच्या आतच उभी वाढली. २०१६ चे मूक मोर्चे आणि नंतर २०२३ पासून अंतरवाली सराटीतून उठलेलं आरक्षणाचं आंदोलन यात ही खरी वेदना आहे, ती नाकारणं हा त्या माणसांवर अन्याय आहे. पण प्रत्यक्षात गावात भांडण कोणाचं लागलं? तीन एकरवाल्या मराठ्याचं आणि दोन एकरवाल्या माळ्याचं, धनगराचं, वंजाऱ्याचं. बीड-जालन्यात एकमेकांच्या दुकानात जाणं बंद करण्यापर्यंत गोष्ट गेली. कारखाना कोणाच्या मुलाकडे गेला, सरकारी भरती का थांबली, शेतमालाचा भाव कोण पाडतं हे प्रश्न मागे पडले.

लोकशाहीला हे धोक्याचं अशासाठी, की समोरचा गट हा आपला शत्रू आहे असं एकदा वाटलं की माणूस म्हणतो, आमचा माणूस नियम मोडत असला तरी चालेल, पण ते निवडून यायला नकोत. झीज करणाऱ्या नेत्याला मतदाराकडून एवढीच परवानगी लागते.

शिकागो विद्यापीठाच्या सुझन स्टोक्स आणि त्यांचे सहकारी एली राऊ यांनी एकविसाव्या शतकात कुठल्या देशांत लोकशाहीची झीज झाली याचा अभ्यास केला, तेव्हा झीज कुठे होईल हे सांगणाऱ्या सगळ्यात ठळक गोष्टींमध्ये उत्पन्नाची विषमता निघाली. देश श्रीमंत असेल, लोकशाही जुनी असेल, तरी विषमता जास्त असेल तर तो सुरक्षित नाही. अमेरिकेकडे बघून अनेकांना हे आता पटायला लागलंय.

व्हेनेझुएलात नेमकं काय झालं

हे उदाहरण मी मुद्दाम घेतोय कारण ते आपल्याकडे 'समाजवादाने बुडालेला देश' एवढ्या एका ओळीत संपवलं जातं. बुडाला हे खरं आहे, पण त्याच्या आधीची गोष्ट कोणी सांगत नाही. १९५८ पासून चाळीस वर्षं व्हेनेझुएला हा दक्षिण अमेरिकेतला सगळ्यात स्थिर लोकशाही देश समजला जायचा. त्याच खंडातल्या चिली, अर्जेंटिना, ब्राझीलमध्ये लष्करशहा येत होते आणि इथे दोन मोठे पक्ष आलटून पालटून निवडणुका जिंकत होते. तेलाचा पैसा होता. पण तो पैसा राजधानी कराकसच्या एका बाजूच्या बंगल्यांमध्ये मुरला, आणि समोरच्या डोंगरावर पत्र्याच्या झोपड्या वाढत गेल्या. ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव पडले, कर्ज वाढलं, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये नव्याच आलेल्या अध्यक्षांनी इंधनाचे भाव वाढवले, बसभाडं वाढलं, लोक रस्त्यावर आले, लुटालूट झाली आणि लष्कराच्या गोळीबारात शेकडो माणसं मेली. तीनच महिन्यांपूर्वी याच लोकांनी याच अध्यक्षांना चांगले दिवस येतील म्हणून मत दिलं होतं.

इथे लोकांचा दोन्ही पक्षांवरचा विश्वास उडाला. १९९२ मध्ये ह्यूगो चावेझ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने बंड केलं, ते फसलं, तो तुरुंगात गेला. आणि सहा वर्षांनी, डिसेंबर १९९८ मध्ये, ५६ टक्के मतं घेऊन तो अध्यक्ष झाला. बंड करून जे मिळालं नाही ते मतपेटीतून मिळालं, कारण तोपर्यंत निम्म्याहून जास्त मतदारांना जुनी व्यवस्था मोडली तरी त्याचं दुःख उरलं नव्हतं. पुढे नवं संविधान आलं, २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश २० वरून ३२ केले आणि त्यात आपली माणसं भरली, २००७ मध्ये विरोधी टीव्ही चॅनलचं लायसन्स वाढवून दिलं नाही, २००९ मध्ये अध्यक्षपदाच्या कार्यकाळाची मर्यादा काढली. सुरुवातीची काही वर्षं गरिबी खरंच कमी झाली, दवाखाने वस्तीत आले, म्हणून लोक त्याच्यामागे राहिले. तेल पडल्यावर सगळं कोसळलं, आणि तोपर्यंत सरकारला जाब विचारणारी एकही संस्था उभी उरली नव्हती. ७० लाखांच्या वर माणसं देश सोडून गेली.

"गरिबी कमी होतेय ना, मग विषमतेचं कशाला घेऊन बसलात?"

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा आणि विचार करण्यासारखा आक्षेप. याला उत्तर म्हणून चिलीकडे बघा. १९९० मध्ये हुकूमशाही गेली, त्यानंतरच्या तीस वर्षांत गरिबी प्रचंड कमी झाली, खंडातला सगळ्यात यशस्वी देश म्हणून चिलीचं नाव घेतलं जायचं. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये राजधानी सँटियागोच्या मेट्रोचं गर्दीच्या वेळेचं तिकीट ८०० पेसोचं ८३० झालं म्हणून शाळेतल्या पोरांनी गेटवरून उड्या मारायला सुरुवात केली, दोन आठवड्यांच्या आत स्टेशनं जळली, आणीबाणी लागली, लष्कर रस्त्यावर आलं, आणि २५ ऑक्टोबरला एकट्या सँटियागोत दहा लाखांच्या वर माणसं जमली. त्यांची घोषणा होती, प्रश्न ३० पेसोचा नाही, ३० वर्षांचा आहे.

कारण गरिबीतून वर आलेला माणूस हा भुकेचा विचार करत नाही, तो पुढचा विचार करतो. पोराला कॉलेजात घातलं तर कर्ज, आजारी पडलं तर खाजगी हॉस्पिटल परवडत नाही आणि सरकारीत नंबर लागत नाही, आयुष्यभर पेन्शन फंडात पैसे भरून म्हातारपणी हातात चिल्लर. हे नियम हुकूमशाहीच्या काळात, १९८० च्या संविधानात आणि १९८१ च्या पेन्शन सुधारणेत ठरले होते आणि मत देऊन ते सहजासहजी बदलता येत नव्हते. इतकी वर्षं आपलं मत तिथपर्यंत पोचतच नाही, याचा तो संताप होता.

चिलीची लोकशाही मोडली नाही हेही सांगायला पाहिजे. बहुतेक मोठ्या पक्षांनी महिन्याभरात बसून ठरवलं की नवं संविधान हवं का हे लोकांनाच विचारू, २०२० मध्ये ७८ टक्के लोक हो म्हणाले, २०२२ मध्ये पहिला मसुदा ६२ टक्क्यांनी नाकारला, २०२३ मध्ये दुसराही नाकारला. सत्ता डावीकडे गेली, परत उजवीकडे आली, पण मतपेटीतूनच. नवं संविधान अजून नाही, तरी राग रस्त्यावरून परत मतदान केंद्रात आला.

"स्वीडनमध्ये पण अब्जाधीश आहेत की"

आहेत, आणि संपत्तीच्या बाबतीत स्वीडन बराच विषम देश आहे. पण तिथे अब्जाधीशाच्या आणि बसड्रायव्हरच्या मुलासाठी शिक्षण सारखंच फुकट आहे आणि दवाखाना एकच आहे, दोघंही एकाच टाकीतलं पाणी पितात. सगळ्यांकडे सारखा पैसा असला पाहिजे असं लोकशाहीला लागत नाही. वरच्याचं आणि खालच्याचं काहीतरी सामायिक असलं पाहिजे, ज्याच्या बिघाडाने दोघांनाही त्रास होईल, एवढं मात्र लागतं.

"भारतात तर पंचाहत्तर वर्षं टिकली ना लोकशाही"

टिकली, आणि ही साधी गोष्ट नाही. एवढा गरीब, एवढा विषम, जातीत विभागलेला देश लोकशाही चालवू शकणार नाही असं तेव्हा अनेक जाणते लोक म्हणायचे. १९७५ ला आणीबाणी आली, १९७७ ला ती लादणाऱ्यांना मतदारांनी घरी बसवलं, त्यात उत्तर भारतातला गरीब मतदार सगळ्यात पुढे होता. बऱ्याच देशांत गरीब लोक मत द्यायला जात नाहीत, आपल्याकडे उलटं आहे. २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये ७१ टक्क्यांच्या वर मतदान झालं आणि दक्षिण मुंबईत जेमतेम ५० टक्के. जंगलातून पायपीट करून बूथवर जाणारा माणूस मताला किंमत देतो, कारण त्याच्याकडे तेवढंच आहे.

आणि मताने त्याला काहीतरी दिलंही. आरक्षणाने पहिल्या पिढीचा तहसीलदार दिला, पंचायत राजच्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीत बाया आल्या, महाराष्ट्रात आता निम्म्या. ज्याच्या आजोबाला चावडीसमोर चपला काढून जावं लागायचं त्याचा नातू सरपंच होतो तेव्हा त्याच्या दृष्टीने लोकशाही ही पुस्तकातली गोष्ट नसते. पैशाची विषमता वाढत असताना सामाजिक मानाची विषमता थोडीतरी कमी होत होती, म्हणून आपली इमारत टिकली असं माझं मत आहे. म्हणूनच मला काळजी वाटते ती आताची, कारण मानाच्या वाटणीतून जे मिळण्यासारखं होतं ते बरंच मिळून झालंय आणि तिसऱ्या पिढीला आता नोकरी पाहिजे.

महाराष्ट्राने एकदा असं सामायिक काहीतरी करून दाखवलंय

तुमच्या सॅलरी स्लिपवर 'पीटी' म्हणून २०० रुपये कापलेले असतात, फेब्रुवारीत ३००. बहुतेकांना वाटतं असाच कुठलातरी टॅक्स. हा व्यवसाय कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी, म्हणजे शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी दिलेला पैसा.

१९७२ चा दुष्काळ आजही गावात काळाची खूण म्हणून सांगितला जातो. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, खडी फोडत, पाझर तलाव खोदत. एवढ्या मोठ्या दुष्काळात माणसं मरायची ती बरीचशी वाचली, कारण सरकारने मागेल त्याला काम दिलं. कल्पना वि. स. पागे यांची, ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते, आणि त्यांनी ती १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगावकडे छोट्या प्रमाणावर करून बघितली होती. पण नुसत्या एका चांगल्या माणसाच्या कल्पनेने कायदा होत नाही. त्या वर्षांत गावोगाव मजुरांचे मोर्चे निघत होते, डाव्या आणि समाजवादी संघटना तालुक्याला धडकत होत्या, मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बाया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर होत्या. आणि शहरातल्या लोकांनाही कळत होतं की खेड्यात काम नाही मिळालं तर ही सगळी माणसं मुंबईला येणार. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला: काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. व्यवसाय करातून जेवढे पैसे जमतील तेवढेच राज्याने आणखी घालायचे. २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी कायदा केला त्याच्या मुळाशी हाच अनुभव होता.

त्यात भ्रष्टाचार झाला, खोट्या मस्टरवर मेलेल्यांच्या सह्या आल्या, भत्ता तर क्वचितच कोणाला मिळाला, हे सगळं खरं आहे. पण मजूर बाई तहसील कचेरीत जाऊन 'कायद्यात आहे, काम द्या' असं म्हणू शकत होती.

"म्हणजे लाडकी बहीण पण तेच की"

काही अंशी हो. जुलै २०२४ पासून महिन्याला १५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात, आणि त्याला रेवडी म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा बघावं की त्या पैशातून काय येतं, गॅस, पोराची वही, बीपीची गोळी. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर पैसे आलेली बाई त्याला क्षुल्लक म्हणणार नाही. राज्याच्या तिजोरीला भार पडतो हा मुद्दा योग्य आहे, पण तोच मुद्दा उद्योगांना दिलेल्या सवलतींच्या वेळी तितक्याच जोरात यायला हवा.

माझा आक्षेप वेगळा आहे. ही योजना सरकारी निर्णयाने, म्हणजे जीआरने आली, कायद्याने नाही. निवडणुकीच्या आधी अर्ज पटापट मंजूर झाले आणि निवडणूक झाल्यावर पडताळणी सुरू झाली, लाखो नावं कमी झाली, केवायसीच्या रांगा लागल्या, २१०० देऊ म्हटलं होतं त्याचं काय झालं हे कोणी धड सांगत नाही. त्यातली काही नावं खरंच अपात्र असतील. पण जिचं नाव चुकून गेलं ती कोणाला आणि कशाच्या आधारावर विचारणार? रोजगार हमीत पंधरा दिवसांची मुदत कायद्यात लिहिलेली होती, इथे तसं काहीच लिहिलेलं नाही. म्हणून पुढच्या वेळी तुमच्या भागातला उमेदवार रक्कम वाढवायचं आश्वासन घेऊन आला, तर रकमेच्या आधी त्याला विचारा की याचा कायदा कधी करणार, अपिलाला कुठे जायचं आणि पैसे कुठल्या करातून येणार.